पॅनलच्या दारावरच्या सेटिंग्ज
माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते कारेगावजवळच्या कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियन मामांचे. पेन्सिल तासल्याचा वास आला की ते आठवतात. मी नवा पदवीधर, तिथल्या नोकरीत अजून कायम झालो नव्हतो. स्टोअरच्या वाय-फायला फक्त यादीतलीच यंत्रं जोडली जावीत अशी सेटिंग केली आणि यादीत माझाच लॅपटॉप घालायला विसरलो. घाबरून रिसेटचं बटण दाबलं, तर जुनं सगळंच पुसलं गेलं. मालाची नोंद करणारे स्कॅनर बंद पडले, बाहेर ट्रक खोळंबले. "मामा, साहेब मला घरी पाठवणार!" "रडतुस काय, ग्रॅज्युएट? हितं बघ." मी काम सुरू करताना स्क्रीनवर दिसलेलं सगळं त्यांनी शेजारच्या विजेच्या पॅनलच्या दारावर पेन्सिलीनं उतरवून ठेवलं होतं. "जुनं लिवल्याबिगर म्या वायर बी काढत न्हाई." ते बघून मी सगळं पुन्हा भरलं आणि थोड्याच वेळात स्कॅनर पुन्हा वाजू लागले. पुढं मामा निवृत्त होऊन दौंडला गेले. त्यानंतर एका संध्याकाळी मी त्यांना पत्र पाठवलं: "मामा, आजपासून मी कायम. घरी अजून सांगितलं नाही, आधी तुम्हाला लिहितोय."