कासवासाठी खिडकी

काकांनी शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडायची, उघडा हात सळईवरून सावकाश ओढायचा आणि म्हणायचं, "टोचतंय." की लागलाच आमचा वेल्डर पुन्हा ग्राइंडर घेऊन कामाला. परत बाही वर, परत हात सळईवर. त्या रापलेल्या हातावर पांढरे ओरखडे उठायचे, पण ओरखडा उठला नाही असं होईपर्यंत हा माणूस जागचा हलायचा नाही.

"काका, लय गुळगुळीत झालीय आता," चांदवडकडचा आमचा वेल्डर वैतागून म्हणायचा. "आरशासारखी हाय."

"तुला गुळगुळीत. तिला बोलता येत नाय."

ती म्हणजे कासवी. आता नाशिक रोडच्या वर्कशॉपमध्ये कासवीचं काय काम, हे तुम्ही विचारणारच. मीही विचारलं होतं.

सिन्नर फाट्याजवळ माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. द्राक्षबागांचे अँगल, कांदाचाळीचे सांगाडे, बंगल्यांची फाटकं, खिडक्यांचे ग्रिल ही आमची कामं. समुद्राशी आमचा संबंध सुक्या बोंबलांपुरता. एके दिवशी लुंगीवर स्वेटर घातलेले हे गृहस्थ आत आले आणि परवानगी न घेता खडूने फरशीवर एक मोठा लंबगोल काढू लागले. त्याच्या आत उभ्या रेघा मारल्या.

"अशी खिडकी पायजे. स्टेनलेसची."

"असली खिडकी कुठल्या घराला बसते?"

"घराला नाय. जाळ्याला."

मग त्यांनी खाली बसून समजावलं. ट्रॉलरचं जाळं समुद्राच्या तळावरून ओढत नेतात. त्यात कोळंबीबरोबर कासवही शिरतं. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. जाळ्यात अडकलं की ते पाण्यात राहूनच गुदमरतं. ही खिडकी जाळ्याच्या गळ्यात तिरपी शिवायची. कोळंबी सळ्यांमधून मागच्या पिशवीत जाते, कासव सळ्यांना अडतं आणि वर ठेवलेल्या भोकातून बाहेर पडतं. एवढंच. नियमही आहेत म्हणे, पण भर समुद्रात बघायला कोण जातंय?

डहाणूच्या बाजूच्या एका गावचे ते तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. समुद्र अचानक सोडला आणि इथे लेकीकडे राहायला आले. बोट मुलाकडे दिली. जावई सरकारी नोकर, घरात टीव्ही, नातवंडं, सगळं सुख; पण सुखात माणूस किती वेळ बसणार? म्हणून रोज सकाळी माझ्याकडे यायचे. आल्या आल्या समोरच्या बिल्डिंगमधली वाळत घातलेले कपडे बघून वाऱ्याचा अंदाज सांगायचे. "आज जोर हाय. पोरगा लांब जायचा नाय." इथल्या साड्यांवरून तिकडचा वारा कसा कळणार, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. आणि अंदाज साफ चुकायचा, तेही सांगून ठेवतो. मुलाचा फोन आला की तो नेमका लांबच गेलेला असायचा.

आमच्याकडच्या माशांना मात्र ते नावं ठेवत. धरणातला मासा म्हणजे मीठ विसरलेली आमटी, आणि मुंबईहून येणारा म्हणजे प्रवासाने थकलेला पाहुणा. हे असं तोंड वाकडं करून, दोन वाट्या रस्सा संपवून झाल्यावर बोलायचं.

पहिली खिडकी आम्ही त्यांच्या मनासारखी केली. सळ्या अगदी जवळजवळ. मी म्हटलं, "काका, फार दाट होतंय." ते म्हणाले, "बारकं पिल्लू पण आत जाता कामा नये." माया अशी आंधळी असते. खिडकी टेम्पोने गावाला गेली. मुलाने ती जाळ्याला शिवली, समुद्रात नेली आणि थोड्याच दिवसांत काढून जेट्टीवर टाकून दिली. सळ्या इतक्या दाट होत्या की पापलेट, हलवा, मोठा मासा सगळा त्यांना अडून कासवाच्या वाटेने बाहेर गेला. बोटीवर फक्त कोळंबी आणि कचरा.

फोन स्पीकरवर होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "बाबा, तुला कासवं पोसायचीत. मला खलाशी पोसायचेत. परत लोखंड पाठवू नको."

तांडेलांनी फोन बंद केला. मग म्हणाले, "चूक माझी हाय. लेकाची नाय." दुसऱ्या दिवशी नवीन लंबगोल. सळ्या कमी केल्या, अंतर वाढवलं. प्रत्येक वेळी एक सळई काढताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू कुणाला तरी घराबाहेर काढतायत. कारण अंतर वाढलं की मासा वाचतो, पण बारकं कासवही आत जातं. कुणाला किती वाचवायचं, हा हिशेब त्यांना काही केल्या सुटेना. मुलगा मात्र नाहीच म्हणत राहिला. बापलेकांचं बोलणं वाऱ्यापावसापुरतं उरलं.

एका दुपारी चहा घेताना मी विचारलं, "काका, लेक दुरावला तरी चालेल, पण खिडकी पाहिजेच. असं काय आहे त्या कासवात?"

त्यांनी बशी खाली ठेवली. एकदा जाळं वर ओढलं तर त्यात एक मोठी कासवी आली. मान लोंबत होती. हलवून पाहिलं, हालचाल नाही. त्यांच्यात कासव म्हणजे देव आणि मेलेला देव बोटीवर ठेवायचा नाही, बोटीला बरं नसतं. लगेच हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, सगळ्यांनी हात जोडले आणि तिला समुद्रात सोडून दिलं. "मीच उचलली, मीच टाकली," ते म्हणाले.

पुढे गावात शहरातली काही मंडळी कासवांबद्दल सांगायला आली. त्यांनी सांगितलं की जाळ्यातून आलेलं कासव मेल्यासारखं दिसलं तरी मेलेलं असेलच असं नाही. त्याला बोटीवर सावलीत ठेवायचं, मागची बाजू उंच करायची, ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. छातीतलं पाणी उतरतं आणि कधी कधी ते श्वास घेतं. लगेच पाण्यात टाकलं तर बुडून मरतं.

"पाया पडून मारली हो आम्ही," तांडेल म्हणाले. "पाण्यात पडताना तिचा पुढचा पाय हलला होता. हे ऐकलं त्या दिवसापासून मी बोटीवर चढलो नाय."

"हे मुलाला सांगितलंत?"

"नाय. त्याला रोज त्याच पाण्यात जायचंय."

चहा तसाच राहिला. त्या दिवशी आमच्यापैकी कुणीच फारसं काम केलं नाही.

गेल्या थंडीत ते गेले. सकाळी चहा पिता पिता, बसल्या जागी. मी धावतपळत लेकीच्या घरी पोहोचलो तेव्हा स्वेटर घातलेलाच होता. इतका शांत चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता आणि मला त्याचा राग आला. आम्हाला सवय लावून असं उठून जायचं म्हणजे काय?

मुलगा पिकअप घेऊन आला होता. सारा देश अस्थी घेऊन आमच्या रामकुंडावर येतो. हा नाशिकहून अस्थी घेऊन चालला होता. "बाबाला समुद्रात न्यायचंय," एवढंच म्हणाला. जाण्याआधी तो वर्कशॉपवर आला. वडील रोज कुठे बसायचे ते त्याला बघायचं होतं.

कोपऱ्यात शेवटची खिडकी उभी होती. सळ्यांना नुसते टाके मारलेले, पक्कं वेल्डिंग राहिलेलं. त्याने ती पाहिली आणि तोंड फिरवलं.

"मरेपर्यंत कासवांचीच बाजू घेतली त्यानं," तो म्हणाला.

मला राहवलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. कासवी, हळदकुंकू, हललेला पाय. तुझ्या बापाने स्वतःच्या हाताने ती टाकली आणि ते त्याला जन्मभर पुरलं, असं म्हणालो.

तो स्टुलावर बसला. वेल्डरने पुढे केलेलं पाणी त्याने घेतलं, पण प्याला नाही.

"बाबा सुकाणूवर होता," तो म्हणाला. "टाकली मी. मी तेव्हा नवा होतो बोटीवर. तिचा पाय हलला ते मी पाह्यलं होतं, शेठ. मी ओरडून विचारलं पण, बाबा, हलली का ती? तो म्हणाला, लाट होती ती. तू जाळं बघ."

रस्त्यावरून कांद्याचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत तो तसाच बसून होता. मग उठला आणि खिडकीजवळ गेला. पंजा आडवा धरून दोन सळ्यांमधलं अंतर त्याने पाहिलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. बोटीवर परतल्यावर खलाशांना काय सांगायचं, किती मासा जाईल, हे सगळं त्याच्या डोक्यात चाललेलं मला दिसत होतं.

"शेठ," तो म्हणाला, "सळ्या जरा जवळ घ्या. अजून एक बसंल यात. बसवा."