तानुबाईने नावेत पाणी भरलं

तानुबाई रागावली, ही टेंभुरखेडात बातमी नव्हती. ती दोन दिवस रागावली नाही तर शेजारीपाजारी विचारायचे, बरं नाही का म्हणून. पण पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यातला तिचा राग निराळा होता, आणि तो सोळा आणे खरा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

धरण झालं आणि गावाचे दोन तुकडे झाले. घरं अलीकडे, काळी जमीन पलीकडे, मध्ये पाणी. निंदण असो की कापसाची वेचणी, बायांना पाणी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सरकारने मग एक नाव दिली. मुंबईच्या कुणा शौकीन श्रीमंतांची ती शिडाची नाव, फायबर नावाच्या काचेच्या धाग्याची. जुनी होऊन गळायला लागली तेव्हा त्यांना दानधर्म सुचला. शिडाची काठी ग्रामपंचायतीने झेंड्याला लावली, शीड कुणाच्या तरी खळ्यावर ताडपत्री म्हणून गेलं, आणि उरलेलं गळकं भांडं टेंभुरखेडच्या बायांच्या नशिबी आलं.

नावाडी म्हणून रोजंदारीवर लागला तानुबाईचा नवरा उकंडराव. चौथी शिकलेला, गरीब गाय. त्याला कुणी काही सांगावं आणि त्याने मान हलवावी. पहिल्याच साली म्हातारा जानराव त्याला म्हणाला, "नाव आठ दिवस पान्यात बुडवून ठेव. फुगते अन् फटा आपोआप बुजतात." जानरावचा जन्म पूर्णेच्या काठी लाकडी नावांत गेलेला, त्याचं खोटं कसं असेल? उकंडरावने नाव बुडवून ठेवली. तानुबाई ओरडत राहिली, "काहो, प्लास्टिकची बादली भिजल्यानं फुगते काय?" तिचं ऐकतो कोण! आठ दिवसांनी नाव काढली ती दुप्पट जड होऊन, आणि गळती होती तशीच.

पुढे दरसाल जेठात ठेकेदाराची माणसं यायची, भेगांवरून निळा रंग फासायची आणि जायची. रंगाने का गळती थांबते? प्रत्येक खेपेला एक बाई डबा घेऊन तळाशी बसायची आणि पाणी उपसत राहायची. बायांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या होत्या. ही काय प्रवासाची रीत झाली? पण ज्यांना ओलांडायचं नव्हतं, त्यांना त्याचं काय!

दोन वर्षांमागे दिवाळीच्या आधी भर पाण्यात नाव भरली. बाया नावेच्या काठाला धरून लोंबकळत राहिल्या आणि वाचल्या. तानुबाईची शेजारीण पुष्पाबाई हिचा तेवढा हात सुटला आणि ती बुडाली. चौकशी झाली. साहेब आले, चहा घेतला, गेले. बायांना कुणी विचारलं नाही. कागदावर ठरलं की पुष्पाबाई नावेत उभी राहिली, म्हणून तोल गेला. तेव्हापासून तिची सासू शालूबाई सुनेचं नावही घेईना. "माही सून चार बायाईले घेऊन बुडाली असती," एवढंच म्हणायची. बायांनी सांगून पाहिलं, पण साहेबाच्या कागदापुढे तिला ते खरं वाटेना.

पंचाहत्तर साली रंग वाळायच्या आतच कचेरीचे कारकून वामनराव कागद घेऊन धरणावर हजर झाले. उकंडरावने सही करायची, की संपलं. तानुबाई तिथेच होती. तिने कमरेवर हात ठेवले.

"बाबूसाहेब, रंगानं गळती जाते तं तुमीच बसा नावेत. पलीकडे जाऊन या."

"बाई, तुमचा यात काय संबंध?"

"माह्या जिवाचा संबंध हाये. थ्या ठेकेदाराले बोलवा, त्याच्या बायकोले बसवा!"

वामनरावांचा पारा चढला. "ठेकेदाराला कशाला बोलता? तुमचाच माणूस दरसाल लिहून देतो, नाव सुस्थितीत आहे म्हणून. त्या अपघाताच्या चौकशीत त्याचीच सही होती. नाव चांगली होती, मग चूक कुणाची? उभ्या राहणाऱ्या बाईचीच ना?"

तानुबाईचे कमरेवरचे हात खाली आले. तिला अक्षरओळख नव्हती. ती सही हजेरीची असते, असंच ती इतकी वर्षं समजत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. उकंडराव आपल्या पायांकडे पाहत होता. सोमवारी येतो, सही तयार ठेव, असं सांगून वामनराव कागद तिथेच ठेवून गेले.

घरी येईपर्यंत तिने दम धरला. मग मात्र तोंड सुटलं.

"पुष्पी बसली होती! त्या दिवशी पाळी माही होती. माहे हात दुखत होते म्हणून तिनं माह्या हातातला डबा घेतला. बसून पानी उपसत होती थे! तुमी समोर वल्हं मारत होते. तुमी पाह्यलं."

"सायबानं सांगतलं, सही कर म्हणून..."

"अन् साहेब म्हणला असता, तानुबाई उभी राह्यली, तं तेही लिहून देलं असतं तुमी?"

उकंडरावने तोंड फिरवून दोरी वळायला घेतली. त्याची तिला शिसारी आली. ती त्या दिवशी जेवली नाही, आणि त्यालाही कुणी वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने दहा-बारा बाया गोळा केल्या. नाव काठावर ओढून चार दगडांवर ठेवायला लावली. बाहेरून सगळी कोरडी पुसली, तिच्यावर चुलीतली राख फासली, आणि म्हणाली, "आता भरा पानी." मडकं पाझरतं कुठून, हे बाई असंच शोधते. आजवर नावेतून पाणी बाहेर फेकणाऱ्या बाया हंडे भरभरून आत ओतायला लागल्या. पुरुष लांबून हसत होते. थोड्या वेळाने हसणं थांबलं. राखेवर ओले ठिपके उमटायला लागले. एक, चार, दहा. जिथे जिथे मुंबईवाल्यांनी शिडाच्या दोऱ्यांसाठी स्क्रू ठोकले होते, तिथून थेंब गळत होते. तळात मधोमध लांबट फट होती, पूर्वी वाऱ्यात नाव कलंडू नये म्हणून तिच्यातून पाण्यात पातं सोडायचे. तिच्यावर ठेकेदाराने नुसती फळी ठोकली होती. तिथून तर धारच लागली. निळ्या रंगाखालचं सगळं पाप बाहेर आलं.

"मोजा," तानुबाई नवऱ्याला म्हणाली. त्याने मोजले. एक्केचाळीस. प्रत्येक ठिकाणी त्याने चुन्याची खूण केली. तानुबाईला त्याची दया आली नाही.

पुढचे चार दिवस तिने त्याला उसंत दिली नाही. पाणी काढून नाव उन्हात तापवली. खापराने रंग खरवडला. मलकापूरहून सायकलीच्या फाटक्या ट्यूबा आणल्या. एकेक स्क्रू काढायचा, भोक कोरडं करायचं, जवसाचं तेल आणि खडूची भुकटी मळून केलेली लांबी त्यात ठासायची, ट्यूबची चकती पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवायची आणि स्क्रू पुन्हा आवळायचा. फळीखाली टायरचा जाड तुकडा घालून ती बोल्टने कसली. उकंडराव गुडघ्यांवर बसून काम करायचा. ती डोक्यावर उभी. कामापुरतं बोलायची, त्यातही शिव्याच जास्त. लांबी चांगली वाळू दिली आणि मग पुन्हा राख फासून पाणी भरलं. एक ठिपका उमटला नाही. बायांनी कल्ला केला. तानुबाई हसलीसुद्धा नाही.

सोमवारी वामनराव आले. नाव पाण्यावर कोरडी ठणठणीत डोलत होती. ते खूश झाले. "बघा, उगाच बोंब मारत होता. आता तर झाली ना चांगली? उकंडराव, कर सही."

उकंडरावने त्यांचा पेन घेतला. सहीच्या जागेवर न थांबता त्याने कागद उलटा केला आणि लिहायला बसला. लिहिता लिहिता बराच वेळ गेला. चौथीनंतर तो नावापलीकडे काही लिहीतच नव्हता. वामनरावांनी कागद हिसकावून घेतला आणि वाचत गेले, तसा त्यांचा आवाज बसत गेला.

"ठेकेदाराने फक्त रंग दिला. गळती गावच्या बायांनी काढली. दोन वर्षांमागे पण नाव गळत होती. चांगली आहे अशी सही मी केली ती खोटी. पुष्पाबाई उभी नव्हती. बसून पाणी उपसत होती. मी पाहिलं. उकंडराव."

"वेड लागलं का बे? स्वतःच्या हाताने स्वतःला बुडवतोस? उद्या कामावर राहशील का?"

"पयलंही माह्याच हातानं लिहिलं होतं," उकंडराव म्हणाला. "न्या तो कागद. फाडला तं दुसरा लिहून देतो."

वामनरावांनी कागद घडी करून खिशात घातला आणि ते चढ चढून गेले. बाया तानुबाईकडे पाहत होत्या. आता ही नवऱ्याला काहीतरी गोड बोलेल, असं त्यांना वाटलं असावं.

"दोन वर्स लागले तुमाले," तानुबाई म्हणाली. तिचा राग तसूभर उतरला नव्हता. "कागद सायबाचा झाला. शालूबाईले वाचता येत नाही. तिच्या दारात जा, अन् तोंडानं सांगा."

उकंडरावचा चेहरा पडला. साहेबापेक्षा त्याला ती म्हातारी जड होती. तरी त्याने वल्हं खाली ठेवलं, धोतराला हात पुसले आणि गावाची वाट धरली. त्याचे पाय मध्येच मागे वळू नयेत, म्हणून तानुबाई त्याच्या मागोमाग चालत होती.