अठरा श्वास

घरात तिला कारकून म्हणत. नाव वडिलांनी ठेवलेलं. पाच वर्षांची असल्यापासून ती जिन्याच्या पायऱ्या रोज मोजायची, आणि काल चौतीस होत्या म्हणून आजही चौतीसच असतील यावर तिचा भरवसा नसायचा. "पायऱ्या काय रात्रीतून पिल्लं घालतात का गं?" म्हणून आई वैतागायची. वडील म्हणायचे, "मोजू दे तिला. कारकून आहे आपली." अशी मुलगी एक दिवस न मोजता आकडा लिहील असं कुणी सांगितलं असतं, तर त्या घरात त्याला वेड्यात काढलं असतं. आणि गंमत म्हणजे तिने नेमकं तेच केलं. गंमत म्हणायची आपली पद्धत, म्हणून म्हणायचं. हसण्यासारखं त्यात काहीच नाही.

वडील फर्निचरला पॉलिश करायचे. स्पिरिट आणि लाखेच्या वासात तीस वर्षं काढल्यावर छाती जशी व्हायची तशी त्यांची झाली होती. नर्सिंगचं शिक्षण चालू असताना ती सराव करायची तो त्यांच्यावरच. श्वास मोजायची एक युक्ती असते. माणसाला कळलं की आपला श्वास मोजतायत, तर तो सरळ श्वास घेतच नाही. म्हणून आधी नाडी मोजायची, आणि ती झाली तरी मनगट सोडायचं नाही. नाडीच बघतोय असं दाखवत नजर हळूच छातीकडे न्यायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. वडिलांना ही युक्ती पाठ झाली होती. "नाडी धरलीस की मला कळतं, तू माझी छाती बघतेयस," म्हणायचे आणि मुद्दाम श्वास रोखून धरायचे, पार लाल होईपर्यंत. आई आतून ओरडायची, "पुरे करा! गेलात म्हणून लिहील ती!" मग तिघंही हसायची.

नोकरी लागली ती एका मोठ्या हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात. वडिलांनी छातीला पिनने लावायचं घड्याळ आणून दिलं. ते उलटं लटकतं, म्हणजे मान खाली घातली की काटे सरळ दिसतात. पहिल्या दिवशी आईने ते स्वतःच्या हाताने तिच्या युनिफॉर्मला लावलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आली. त्या दिवसापासून गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणू लागले. कारकून फक्त घरात उरली.

वॉर्डात खाटा छत्तीस आणि नर्स दोन. दहाला, दोनला आणि सहाला प्रत्येकाचा ताप, नाडी आणि श्वास खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या चार्टवर लिहायचे. पहिल्या दिवशी हिने नियमाने मोजलं आणि तेरा नंबरला पोचेपर्यंत इंजेक्शनांची वेळ टळून गेली. मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डातल्या सीनियर, ट्रे घेऊन आल्या. बावीस वर्षं उभ्याने काढल्यामुळे त्यांच्या पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या.

"काय चाललंय?"

"श्वास मोजतेय."

"धाप लागलीय का त्याला? निळा पडलाय का? नाही ना? मग अठरा लिही आणि पुढे हो."

"न मोजता?"

"बावीस वर्षं अठरा लिहितेय मी. अठराने कुणी मेलेलं नाही. आणि हे बघ, सरसकट अठरा नको लिहूस. मध्येच एखादा वीस टाकायचा, म्हणजे मोजल्यासारखं दिसतं."

मोठ्या सिस्टर वाईट नव्हत्या, हे सांगायलाच हवं. स्वतःच्या डब्यातलं अर्धं हिला द्यायच्या. छत्तीस खाटांना दोन बायका देणारे वर बसलेले लोक उंटावरून शेळ्या हाकत होते, आणि शेळ्या सांभाळायचं काम खाली या दोघींकडे होतं. तरी पण हिने तीन आठवडे नेट धरला. मग तापाची, नाडीची वेळ कशीबशी निघायची, श्वासाची निघेना. आधी बरे होत आलेल्यांचं मोजणं सुटलं, मग एका रांगेचं, मग सगळ्यांचंच. अठरा, अठरा, वीस, अठरा. हात आपोआप लिहू लागला. घाईच्या दिवशी नाडी आणि तापसुद्धा टेबलाशी बसूनच. वाईट सवय अंगवळणी पडते तेव्हा ती सवय वाटतच नाही, काम यायला लागलं असं वाटतं. तिलाही तसंच वाटलं. घरी येऊन ती म्हणाली होती, "आता माझा हात बसला."

सत्तावीस नंबरला छत्र्या दुरुस्त करणारे एक आजोबा होते. न्यूमोनिया उतरला होता, गुरुवारी घरी जायचे होते. पडून पडून हात शिवशिवतात म्हणून त्यांनी हिची मोडकी छत्री मागून घेतली होती. बुधवारी सकाळी ती दुरुस्त होऊन खाटेच्या दांड्याला लटकत होती. "उघडून बघा, सिस्टर," ते म्हणाले. "नंतर बघते, आजोबा," ही म्हणाली आणि पुढे गेली.

त्या दुपारी मोठ्या सिस्टर एका पेशंटला घेऊन एक्स-रेला गेल्या होत्या. वॉर्डात ही एकटी. दोन वाजता तिने खिडकीकडच्या रांगेचे चार्ट गोळा करून टेबलावर आणले आणि भराभर भरले. सत्तावीस नंबर: ताप अठ्ठ्याण्णव, नाडी शहात्तर, श्वास अठरा. चार्ट परत अडकवताना आजोबा भिंतीकडे तोंड करून झोपलेले दिसले. झोपलेल्या माणसाला कशाला उठवा, असं तिच्या मनात आलंसुद्धा.

दोन वीसला मुलगा भेटायला आला. त्याने हाक मारली, मग खांद्याला हात लावला. डॉक्टर धावत आले, आणि धावण्यात काही अर्थ नाही हे त्यांना लगेच कळलं. तासभर तरी झाला असेल, म्हणाले. मुलगा ओरडला नाही, रडलाही नाही. त्याने चार्ट दोन्ही हातांत धरून नीट वाचला आणि हिला विचारलं, "दोन वाजता श्वास अठरा. मग हे इतके गार कसे?"

 

आधी बघितलं असतं तर वाचले असते का, हे तिने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." हो म्हणाले असते तर ती कोसळली असती, नाही म्हणाले असते तर कधीतरी सावरली असती. सांगता येत नाही, यावर माणसाने काय करायचं?

तिसऱ्या दिवशी मेट्रनच्या खोलीत मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मी असं कुणाला शिकवत नाही." बोलताना त्या खिडकीकडे बघत होत्या. हिने तोंड उघडलं असतं तर निदान खापर दोघींच्या डोक्यावर फुटलं असतं. पण शिकवलं त्यांनी असलं तरी लिहिलं हिने होतं, आणि अक्षर हिचं होतं.  मेट्रनने राजीनामा लिहून घेतला, बोभाटा नको म्हणून प्रमाणपत्रही दिलं. त्यात लिहिलं होतं: काम समाधानकारक. बाहेर येऊन ते वाचताना तिला कळलं, की हाही एक अठराच आहे. पहिली नोकरी चार महिने आणि अकरा दिवस टिकली.

घरी तिने सांगितलं, स्टाफ कमी केला. आईने तेच गल्लीत सांगितलं, वर पदरचे दोन शब्द घालून. पांढरे बूट खाटेखाली गेले, घड्याळ कपाटात आणि छत्री दारामागे. ती छत्री तिने एकदाही उघडली नाही. सकाळी जाग आली की पहिले दोन-तीन क्षण बरे जायचे. मग आठवायचं, आणि संध्याकाळपर्यंत आठवतच राहायचं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, आणि आपण तसेच पडलोय हे लक्षात आलं की दचकून कूस बदलायची. गल्लीतून कुणी "सिस्टर, जरा बघता का?" म्हणून आलं तर झोपेचं सोंग घ्यायची. आपण माणसाला हात लावायच्या लायकीचे उरलो का, एवढा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिला ठाऊक आहे असं तिला वाटत होतं.

महिन्याभराने वडिलांनीच एका छोट्या दवाखान्याची बातमी आणली. तिथल्या कपाटांना त्यांनी पॉलिश केलं होतं. डॉक्टरबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. प्रमाणपत्र वाचून म्हणाल्या, "समाधानकारक लिहिलंय की! या बाकावरच्या मावशींचा ताप, नाडी, श्वास बघून सांगा, मग बोलू."

तिने मावशींचं मनगट धरलं. नाडी झाली. मग श्वास मोजले, बावीस आले. तिचा विश्वास बसेना. पुन्हा मोजले, वीस. मघाशी चुकलं की आता? तिसऱ्यांदा मोजताना मध्येच आकडा सुटला. चौथ्यांदा पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटं झाली तरी मनगट सुटेना, तेव्हा डॉक्टरबाई हसत म्हणाल्या, "अहो सिस्टर, मोजेपर्यंत म्हातारी होईल ती!" मावशीही हसल्या. "मी आधीच म्हातारी आहे," म्हणाल्या. ही मात्र उठली, "मला नाही जमणार" एवढं बोलली आणि प्रमाणपत्र टेबलावर तसंच टाकून बाहेर पडली.

त्या संध्याकाळी वडील अंगणात ब्रश धूत बसले होते. तिने जवळ बसून त्यांना सगळं सांगितलं, अगदी वीस टाकायच्या युक्तीपर्यंत. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी ते धूत राहिले.

"मी पण केलंय," शेवटी ते म्हणाले. "न घासता पॉलिश मारलंय. वरून चकाकतं, कुणाला कळत नाही. वर्षाने पोपडे निघतात."

"मग?"

"मग काय. ते टेबल होतं."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, होतं असं. ते खोटं बोलले नाहीत याचं तिला बरंही वाटलं आणि मरणाचं वाईटही वाटलं. आत जाताना त्यांनी ओल्या हातानेच तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या आईला सांगू नकोस," म्हणाले. "तिला पेलणार नाही."

पुढच्या आठवड्यात वडिलांची छाती भरली. दोन दिवस कामाला गेले नाहीत. तिसऱ्या दुपारी उशीला टेकून डोळे मिटून पडले होते आणि आई कागद-पेन घेऊन हिच्या समोर उभी राहिली.

"उद्या डॉक्टरांकडे न्यायचंय. ते विचारतील, श्वास किती, नाडी किती. लिहून दे मला. घरात नर्स असून मी काय सांगू?"

"आई, डॉक्टर बघतील ना."

"तू बघ. मला तुझ्यावर जास्त भरवसा आहे."

हे ऐकून तिला ओरडावंसं वाटलं. पण कपाट उघडून तिने घड्याळ काढलं. महिनाभर अंधारात ते बिचारं बरोबर वेळ दाखवत होतं. वडिलांचं मनगट धरलं. नाडी मोजली, चौऱ्याऐंशी. मग मनगट न सोडता छातीकडे बघितलं. सदऱ्याचं वरचं बटण वर जायचं, खाली यायचं. काटा फिरून आला. अठरा.

 पुन्हा मोजले. अठरा. तिसऱ्यांदा ओठ हलवत, एकही न सोडता. अठराच.

"किती?" आईने विचारलं.

तिने पेन उचललं. नाडी लिहिली, मग श्वासापुढे एक काढला. आठ काढायला पेन टेकवलं आणि हात थांबला. उद्या तो कागद डॉक्टर बघणार, आणि बघणारा कुणीही म्हणणार की हे मोजलेलंच नाही. तिने आठच्या जागी नऊ काढला. एकोणीस. आता मोजल्यासारखं दिसत होतं.

"एकोणीस म्हणजे बरं ना?"

"हो. बरं आहे."

आईचा चेहरा उजळला. चहा टाकते म्हणून ती आत गेली. तेव्हा वडिलांनी डोळे उघडले.

"कारकून," ते हळूच म्हणाले, "नाडी धरलीस ना, तेव्हापासून डोळे किलकिले करून घड्याळावर मी पण मोजत होतो. तिन्ही वेळा अठरा होते."

 तिने एकोणीस खोडला. इतका दाबून खोडला की कागद फाटला.

"आता खरं ते लिही," वडील म्हणाले.

तिने पेन पुन्हा टेकवलं. आतून कपबशांचा आवाज आला, मग आईची पावलं. पेन जिथे टेकलं होतं तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. वडिलांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग धाप लागली म्हणून डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी वडिलांना डॉक्टरांकडे नेताना आईने तोच कागद घडी घालून बरोबर घेतला. त्यावर नाडी लिहिलेली होती आणि श्वासापुढे एक फाटकी जागा होती.