‘नंतर’ नावाचं बटण

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी कोणी उचलत नाही, चहाचे कप आणि किस्से. कप निदान शनिवारी मावशी धुतात. किस्से साचतच जातात, आणि त्यातले निम्मे माझ्याच मूर्खपणाचे आहेत.

ऑफिस म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यावरच्या दोन खोल्या. खाली माग, वर आम्ही. आम्ही मेसेजिंगचं अ‍ॅप बनवतो. त्याचे नियम सगळ्या जगाला खुले, मालक कोणी एक नाही, आणि मेसेज कुलूपबंद. किल्ली ज्याची त्याच्याकडे, आमच्याकडेसुद्धा नाही. कोड इम्रान लिहितो. अ‍ॅप सोपं वाटावं म्हणून स्क्रीनवरचे शब्द मी लिहिते. ते खरंच सोपं झालंय का, हे खालची पद्माक्का सांगते. ती टॉवेलला शिवण घालते, तिचा नवरा नरसय्या मागावर.

*

पहिल्याच स्क्रीनवर आम्ही विचारलं होतं, ‘तुमच्या सर्व्हरचा पत्ता लिहा’. पद्माक्काने दहा मिनिटं खपून लिहिलं, ‘मारुतीच्या देवळामागं, दुसरं घर’.

"चुकलं का हो, ताई?"

"तुमचं नाही चुकलं, अक्का," इम्रान म्हणाला, आणि त्याने तो स्क्रीनच काढून टाकला.

*

नवरा-बायकोचे फोन एकमेकांना ओळखतात का, हे तपासायला दोन्ही फोनवर तीच सात चित्रं येतात. ती बोलून जुळवायची. मागांच्या खडखडाटात बोलणार कसं? पण मागावरची माणसं वर्षानुवर्षं हातवाऱ्यांनीच बोलत आलीत. नरसय्याने शेडच्या त्या टोकाहून नाकापुढे हात हलवून हत्ती केला, कोपरं फडफडवून कोंबडा केला. पद्माक्का तोंडाला पदर लावून हसत होती. इतकं पक्कं व्हेरिफिकेशन मी पुन्हा कुठे पाहिलं नाही!

*

मग आली ती किल्ली. अठ्ठेचाळीस अक्षरं. फोन बिघडला तर जुने मेसेज तिच्याशिवाय उघडत नाहीत, म्हणून ‘लिहून ठेवा’ असं मी बजावलं होतं. पद्माक्काची किल्ली नरसय्याने लिहून ठेवली. खडूने, मागाच्या लोखंडी पट्टीवर.

"हितनं कुटं जाणार?" तो म्हणाला.

खंडेनवमीला सगळे माग धुऊन पुसून काढले, हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. नरसय्याचा माग पुसला कोणी, तर पद्माक्कानेच.

पद्माक्का नवी किल्ली करायला कंटाळली. किल्ली लिहून ठेवायला बाकीचे लोकही कंटाळत. निम्मे त्या स्क्रीनवरूनच अ‍ॅप सोडून जात. मी म्हटलं, तिथे ‘नंतर’ असं एक बटण देऊ.

"ताई, नंतर कोई नै करता," इम्रान म्हणाला.

"यूजर-फ्रेंडली व्हायचंय ना आपल्याला?" मी म्हटलं. बटण आलं. लोक टिकले. मीही तेच दाबलं, खोटं कशाला बोलू. पद्माक्कानेही.

*

न उघडणाऱ्या मेसेजच्या जागी एक लांबलचक एरर यायचा. तो बघून लोक घाबरायचे आणि फोन घेऊन आमचा जिना चढायचे. कधीकधी नुसता उशीर असतो, मिनिटभरात मेसेज उघडतो. म्हणून मी तिथे लिहिलं, ‘संदेश येतोय. थोडं थांबा.’ जिन्यावरची गर्दी संपली. त्या वाक्याचा मला फार अभिमान होता. आता त्याची लाज वाटते.

*

दिवाळीनंतर नरसय्या भिवंडीला गेला, तिथल्या मागांवर. रोज सकाळी तो पद्माक्काला बोलून मेसेज पाठवायचा, तेलुगूत. जेवणाच्या सुट्टीत ती कानाला फोन लावून डबा खायची. दोन महिन्यांनी तो तिथेच वारला. छातीचं दुखणं. दवाखान्याच्या धावपळीत त्याचा फोनही हरवला. तेराव्यानंतर पद्माक्का कामावर आली आणि सुट्टीत जुनेच मेसेज पुन्हा ऐकू लागली. रोज एक.

मग तिचा फोन पाण्याच्या बादलीत पडला. जावयाने नवा आणला, त्यात अ‍ॅप टाकलं, आणि ती वर आमच्याकडे आली. नरसय्याचे सगळे मेसेज तारखेवार दिसत होते. एकही उघडत नव्हता. इम्रान दोन दिवस तिचा जुना फोन खोलून बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने नुसती मान हलवली आणि तोंड धुवायला खाली गेला. तेवढ्यात पद्माक्का डबा घेऊन आली. सांगायचं माझ्यावर आलं.

"अक्का," मी म्हटलं, "ते मेसेज ना... त्यांचं असं आहे..."

तिने नव्या फोनवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचलं. "संदेश येतोय. थोडं थांबा." मग स्टूल ओढून खिडकीपाशी बसली आणि डबा उघडला.

"तुमी करा तुमचं काम, ताई," ती म्हणाली. "ह्यांचं सगळंच पैल्यापास्नं सावकाश. मी थांबते की."