चढत्याला आधी वाट

उजवा हात कोपरापर्यंत खिडकीबाहेर, तळवा वर, आणि चारही बोटं एकदम आत वळवत, "ये रं, तू ये आधी. आमी हाय हितंच."

नेरळहून माथेरानला टॅक्सीने गेला असाल, तर हा हात तुम्हीही पाहिला असेल. उतरणीला लागलेली एक पांढरी व्हॅन डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभी असायची आणि आतला माणूस चढणाऱ्या प्रत्येक गाडीला असा घरी बोलावल्यासारखा बोलवायचा. चढत्याला आधी वाट, हा घाटाचा नियमच आहे. चढती गाडी मधेच थांबली की क्लच जळतो आणि प्रवासी उतरून ढकलायला लागतात. नियम सगळेच पाळतात, पण बाकीचे कपाळाला आठ्या घालून पाळतात. हा माणूस हसून पाळायचा. त्याला सगळे मामा म्हणत, त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

माझं खालापुरात मंडप आणि साउंडचं दुकान आहे. भात कापून झालं की पोशीरच्या बाजूला एका माळावर जुन्या मोटारींच्या शर्यती होतात, तिथे भोंगे माझे. माइकवर बोलणाराही मीच, कारण आपला माइक दुसऱ्याच्या हातात दिला की माझा जीव खालीवर होतो. गाड्या म्हणजे भंगारात निघालेल्या मारुत्या. काचा काढलेल्या, आत लोखंडी पाइपांचा सांगाडा. ट्रॅक इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, अर्धा वर माळावर, अर्धा खाली खाचरात, आणि मधोमध फुली. वर चढणारी गाडी आणि खाली येणारी गाडी, दोघींची वाट त्या फुलीवरूनच जाते. लोक ती फुली बघायलाच येतात, खोटं कशाला बोलू?

घाटातले हे मामाही शर्यतीत असायचे. त्यांची गाडी मैदानात उतरली की शिट्ट्यांनी माझा भोंगा झाकला जायचा. शर्यतीच्या गाडीला हॉर्न ठेवणारा हा एकच गडी. कुणाला मागे टाकलं की पुढे जाऊन दोनदा पीं पीं करायचा.

"मामा, हॉर्न कशाला?" मी एकदा माइकवरूनच विचारलं.

"अरं, त्याला वाईट वाटंल ना," मामा खालून ओरडले, आणि अख्खा माळ हसला.

एवढा लाडका माणूस, पण कधी जिंकला नाही. फायनलपर्यंत यायचा आणि कधी टायर बसायचा, कधी वायर निसटायची. जिंकणाऱ्याला गुलालात न्हाऊ घालतात, खांद्यावर बसवून घरी नेतात. मामा टॅक्सीचाच पांढरा शर्ट घालून शर्यतीला यायचे आणि तसाच पांढरा शर्ट घेऊन घरी जायचे. दारात मामी उभ्या. "पांढराच हाय म्हनायचा. बरं झालं, साबन वाचला." मामा हसायचे. पण एकदा मी वायर गुंडाळत असताना शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "माइकवाल्या, एकदा तरी ह्या शर्टाला गुलाल लागला पायजे रं. मंग गाडी भंगारात दिली तरी चालंल." तेव्हा मात्र ते हसत नव्हते.

मामी मैदानावर कधी आल्या नाहीत. "माझ्यानं नाय बघवत," म्हणायच्या. घर ओढ्यापलीकडच्या वाडीत, हाकेच्या अंतरावर. वाडीतली माणसं यावीत म्हणून मी एक भोंगा आंब्यावर चढवून त्या बाजूला तोंड करून बांधायचो.

त्या वर्षी फायनलला मामांसमोर खोपोलीच्या गॅरेजमधला एक तरुण होता. हात चांगला, पण घाई फार. दोन गाड्या आठाच्या दोन टोकांवरून सुटल्या. पहिल्या फेरीला मामा पुढे, दुसरीलाही पुढे. या खेपेला टायर बसला नाही की वायर निसटली नाही. मी माइकवर घसा फोडत होतो आणि मनात म्हणत होतो, देवा, आज माणसाचा शर्ट रंगू दे.

शेवटच्या फेरीत मामा माळावरून खाली सुटले. त्याच वेळी खाचरातून तो पोरगा वर चढायला लागला. मी स्टेजवर उभा, मला दोघेही दिसत होते. मामांनाही वरून तो दिसत होता. त्याला मात्र बांधामुळे आणि धुरळ्यामुळे पुढचं काहीच दिसत नव्हतं. त्याची चाकं भुसभुशीत मातीत फिरत होती आणि त्याने पाय पूर्ण दाबलेला होता. मामा पुढे होते, पण एका गाडीइतकेच. फुली आधी ओलांडली की जिंकले, आणि ओलांडता ओलांडता जरा उशीर झाला तर ती गाडी सरळ त्यांच्या दारात घुसणार. ओरडायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. माइक तसाच हातात. माळावर एक शिट्टी नाही.

मामांची गाडी आडवी झाली, घसरली आणि फुलीच्या अलीकडे, हातभर अलीकडे, थांबली. धुरळ्यातून एक हात खिडकीबाहेर आला. तळवा वर. चार बोटं आत.

पोरगा फुली ओलांडून वर गेला आणि जिंकला.

"मामा थांबले!" माझा आवाज परत आला तो रडवेला. "मामा थांबले! अहो मामा, का थांबलात?"

मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी धावत जाऊन त्यांचे पाय धरावेसे वाटत होते. खाली गेलो तर ते स्टिअरिंग धरून तसेच बसलेले. "पायच थांबला रं," ते म्हणाले. "चढता दिसला का त्यो माझं आयकतच नाय." डोळ्यांत पाणी होतं. धुरळ्याचं म्हणा हवं तर.

तेवढ्यात गुलालाने लालभडक झालेला तो पोरगा आला, त्यांच्या गळ्यात पडला आणि सोडेचना. सोडलं तेव्हा मामांचा शर्ट छातीपासून पोटापर्यंत लाल झाला होता.

मी त्यांना टेंपोतून घरी सोडायला निघालो. अर्ध्या वाटेत त्यांनी शर्टाकडे पाहिलं. "हिला वाटंल जिकलो. तूच सांग तिला."

"मी? तुमची बायको, तुम्ही सांगा."

मामी दारातच होत्या. त्यांनी शर्ट पाहिला आणि त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या आरतीचं ताट घेऊन, निरांजन लावलेलं.

"अगं, आयक तरी..."

"बोलू नका. सरळ उभं ऱ्हावा."

मामा चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. मामींनी कुंकू लावलं, ओवाळलं. मला ते बघवेना. शेवटी मीच म्हणालो, "मामी, मामा आज जिंकले नाहीत."

"ठावं हाय. तुमचा भोंगा हाय का गंमत? 'मामा थांबले, मामा थांबले.' समदं आयकलं."

"मग ओवाळलंत कशाला?"

त्यांनी ताट खाली ठेवलं. "त्याच्या आधी तुमचा आवाज बंद पडला. ध्यानात हाय का? तेवढ्यात माझं समदं संपलं व्हतं. मंग तुमी म्हनला, थांबले." पदराने तोंड पुसून त्या मामांकडे वळल्या. "गुलाल कुनाचा का असंना. मानूस माजा हाय."

मामांनी गाडी भंगारात दिली. पुढच्या वर्षीपासून स्टेजवर माझ्या शेजारी बसायचे आणि प्रत्येक चढत्या गाडीला खुर्चीतूनच हात करायचे. मागच्या पावसाळ्यात झोपेत गेले. गाडीत नाही, घाटात नाही, आपल्या अंथरुणात.

यंदा शर्यतीच्या वेळी वाडीकडचा भोंगा मी बांधलाच नाही. म्हटलं, मामींना कशाला त्रास? दुपारी ओढा ओलांडून त्या स्वतः आल्या, पहिल्यांदाच. मैदानाकडे पाहिलंसुद्धा नाही. आंब्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आमचा भोंगा कुठं हाय?"

मी बांधला.

गाड्या फुलीजवळ आल्या तरी मी बोलत राहतो. गाडीचा रंग सांगतो, धुरळा किती उडाला ते सांगतो, काहीच सुचलं नाही तर "बोलतोय, मी बोलतोय" एवढंच म्हणत राहतो. ओढ्यापलीकडे मामींना आता कुणासाठी घाबरायचं उरलेलं नाही, हे मला कळतं. तरी आवाज बंद पडू देत नाही.