विकतची हरळी

म्हातारीचं उभं आयुष्य हरळी उपटण्यात गेलं. बायकांची टोळी दुसऱ्याच्या रानात खुरपायला बसली की बाकीच्या हाताला येईल ते गवत काढत. ही मात्र हरळीच्याच मागे हात धुऊन लागायची. वर पातं बोटभर, खाली मुळी हातभर; ओढावी तर तुटते, अन् तुटली की कांडीकांडीतून पुन्हा फुटते. टोळीत तिला 'हरळीचा काळ' म्हणत, आणि ते नाव ती दागिन्यासारखं मिरवायची.

पुढे लेकाने घर बांधलं. घरापुढच्या मोकळ्या जागेत म्हातारीने कुंपणालगत वांग्यांचा वाफा धरला. उरलेल्या जागेत सुनेला हिरवळ हवी होती. नात नुकती चालायला लागलेली, पावलोपावली पडायची आणि गुडघे सोलून घ्यायची. नातीसाठी म्हणून म्हातारीनेही मान डोलावली.

लेक रोपवाटिकेत गेला. माळ्याने रुंद पानाचं गवत दाखवलं, पण ते सावलीतलं, आणि इथे दिवसभर ऊन. दुसरं गालिच्यासारखं देखणं, पण पोरं नाचली की त्याला टक्कल पडायचं. तिसरं उन्हाला भीक न घालणारं, तुडवलं तरी उठून बसणारं. लेकाने तेच घेतलं. मातीसकट कापलेल्या चटयांच्या गुंडाळ्या टेम्पोतून दारात उतरल्या.

म्हातारीने एका गुंडाळीचं टोक उलगडलं, एक कांडी नखाने खुडली आणि लेकापुढे धरली.

"ही हरळी आहे."

"आई, लॉन आहे ही."

"तुझी असेल लॉन. मी पोटासाठी हिला उपटत आले, आणि तू हौसेने विकत आणलीस?"

ही माझ्या वांग्यांत घुसणार, म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. शेवटी सुनेने तोड काढली. वाफा आणि हिरवळ यांच्यामध्ये पत्रा उभा गाडला. म्हातारी गप्प झाली, पण तिचं तोंड काही सरळ होईना.

लेकाने चटया अंथरल्या, सकाळ-संध्याकाळ पाणी पाजलं. तरी गवत पिवळं पडलं, चटयांच्या कडा वर वळल्या. लेकाचा चेहरा पडला. म्हातारीच्या मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली. हिला नांगरली, वाळवली, पेटवून दिली, तेव्हा मेली नाही. आणि इथे एवढे लाड चाललेत तर मरायला टेकली? ती अनवाणीच चटयांवर उतरली आणि टाचा आपटत सुटली.

"मरायचं होतं तर तेव्हा मरायचंस. माझी कंबर गेली तुझ्यापायी."

सून दारात हसू दाबत उभी. लेक माळ्याशी फोनवर बोलत होता. अंथरल्यावर चटया दाबल्या होत्या का, असं माळी विचारत होता; खाली पोकळी राहिली की मुळं मातीला लागत नाहीत म्हणे. लेकाने फोन ठेवला आणि आईच्या आपटणाऱ्या टाचांकडे बघितलं.

"आई, त्या कोपऱ्यातही जरा रागव."

गवताने मूळ धरलं. नात आता पडते, उठते, पुन्हा पडते; रडत नाही. म्हातारीला ते दिसतं, पण श्रेय ती हरळीला मेली तरी देणार नाही. ती वाफ्याकडे तोंड करून बसते.

परवा पत्र्यावरून एक हिरवा धुमारा वांग्यांकडे डोकावताना तिला दिसला. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला. तिने खुरपं उचललं.

"ये," ती म्हणाली.