मांगीलालशेठची वाकडी तिवई

शहाद्याच्या बाजारात छगनलाल आणि मांगीलाल या भावांचं कापडाचं दुकान होतं. धाकटे मांगीलाल पन्नाशीला आले तरी त्यांच्या हाताला कात्री आणि गजपट्टी एवढीच हत्यारं माहीत होती. मग एकदा नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटरने मोडकं चाक वेल्डिंगने जोडताना त्यांनी पाहिलं. ते डोक्यातून जाईना. १९६३ साली त्यांनी वेल्डिंगचा सेट मागवला आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला.

छगनलाल संतापले. "आपण कापड विकणारी माणसं. लोक हसतील. शिवाय त्या आगीवर किडे येऊन मरतील, ते पाप कोणाच्या माथी?"

"किडे अंधारात येतात. मी ऊन असेतोवरच करीन."

"पण करायचं कशासाठी?"

"शिकायचंय."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही, भाईसाहेब. शिकायचंय."

वायरमन वीज जोडून गेला. पुढचं सांगायला कोणी नव्हतं. केबलचा चिमटा मांगीलालनी गंजलेल्या लोखंडी पट्टीवरच लावला, तर ठिणगी पडेना. गंज घासला तेव्हा ती पडली, पण रॉड पट्टीला चिकटून बसला. करंट वाढवला तर पट्टीला भोक पडलं. जोड दिसावा म्हणून ते डोळ्यांपुढची काळी काच सारखी बाजूला करत. दिवेलागणीला डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, पाणी थांबेना.

शेजारच्या लोणखेड्याचे मगन पाटील दुकानात आले होते. ते म्हणाले, "डोयासवर बटाटाना चकत्या ठेवा, शेठ."

जैनाच्या त्या घरात बटाटा कधी आला नव्हता. छगनलाल म्हणाले, "बघा, आता हेही होणार."

मांगीलालच्या पत्नी पानीबाई घुंघट सावरून दारात उभ्या राहिल्या. आजवर त्या जेठांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, बोलल्या नव्हत्या. "खायचा थोडाच आहे," म्हणाल्या, आणि बटाटा आणवला.

चौथ्या दिवशी मांगीलाल पुन्हा शेडमध्ये गेले. आता काच तोंडासमोरून हलत नव्हती. दिवाळीपर्यंत त्यांनी पाण्याच्या माठासाठी तिवई केली. एक पाय वाकडा, जोडांवर वारुळासारखे गोळे. ती त्यांनी दुकानाच्या दर्शनी पायरीवर ठेवली. छगनलालनी आत नेली. मांगीलालनी पुन्हा बाहेर आणली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मांगीलाल तिच्याजवळच बसून राहिले. "दुकान अर्धं माझं आहे," ते म्हणाले. "ही माझ्या अर्ध्यात राहील."

वर्षभरात हात बसला. गावोगावचे शेतकरी मोडकी अवजारं घेऊन येऊ लागले, तसा छगनलालचा सूर बदलला. "दर ठरवून टाक. पाटी मी रंगवून घेतो."

"पाटी नको. भाव करायचा तो कापडाचा करा. इथे मला वाटेल ते मी जोडीन, नाही वाटलं तर नाही."

"आधी करू नको म्हटलं तर केलंस. आता कर म्हणतोय तर नाही म्हणतोस."

"दोन्ही वेळा मला विचारलं कोणी?"

छगनलाल दुकानात गेले.

मगन पाटील शेजारीच उभे होते; त्यांच्या वखराचं नुकतंच जोडलेलं लोखंडी पातं बाकावर होतं. मांगीलालनी जोड उलटून पाहिला आणि छिन्नी लावली.

"जोड तं टिकी, शेठ. मंग कशाले तोडी ऱ्हायनात?"

"टिकेल. पण मला पसंत नाही," मांगीलाल म्हणाले, आणि हातोडा उचलला.